लिंबासाठी मुरूम: गारखेड्याहून बिडकीनला

अत्यंत जड अंतःकरणानं नमूद करतो, की मध्यंतरी महिनाभर मला कोरडं वर्तमानपत्र वाचायला मिळालं नाही. आमच्या गारखेड्याच्या गॅलरीत बायकोनं, म्हणजे सुनंदानं, बी लावून वाढवलेलं लिंबाचं झाड आहे. त्याच्या नव्या कुंडीत माती मी भरली: गावाकडची, काळीभोर, खानदानी. तिच्यातून पाणी झिरपतच नसे, काठावरून थेट अग्रलेखावर येई. पानं पिवळी पडून गळू लागली, तेव्हा बायको म्हणाली, "तुमच्या खानदानानं मारलं माझं झाड."

रविवारी गाडी काढली. बिडकीनजवळ सुनंदाची धाकटी मावसबहीण शोभा शेती करते. पैठण रस्त्यानं आरामात तासभर धरा, वाटेत गरम भजी खा. एकदा माती बघायची ठरवली, की हा रस्ता म्हणजे मिठाईचं दुकान! निळसर खडी, वाळूचे ढीग, ओढ्याकाठचा मऊ पोयटा. "तो बघ, तांबडा मुरूम!" मी ओरडलो.

"लोक इकडं लेणी बघायला येतात," सुनंदा म्हणाली.

आमच्या कुंडीची कथा ऐकून शोभा पोट धरून हसली. "दाजी, कुंडीत निव्वळ काळी? भिजली की फुगती, वाळली की चिरती. मुळ्यांनी श्वास कुठून घ्यायचा?"

"शेतात चालते की!"

"कुंडी म्हंजी शेत व्हय? मुरूम घ्या, पोयटा घ्या, शेणखत घ्या. अन् तुमची खानदानी मूठभर. दृष्ट लागू नये म्हणून."

गोठ्यातला खड्डा बुजवायला आणलेल्या ढिगातला मुरूम तिनं चाळून पिशवीत भरून दिला.

निघालो, आणि शेतातल्या ओल्या वाटेवर गाडी रुतली. मी खाली उतरलो, तर चपलांना इतकी काळी चिकटली की उंची चार बोटं वाढली. सुनंदा बांधावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती. मी मुरमाची पिशवी उचलली, तशी तिचं हसू थांबलं. "ते लिंबाचं आहे."

तेवढ्यात शोभा डोक्यावर घमेलं घेऊन आली. तिनं चाकांखाली मुरूम ओतला, मग आणखी एक घमेलं. "गाय बसंल चार दिस खड्ड्यात. लिंबाला हात लावू नका, दाजी."

घरी येऊन कुंडीतली माती बदलली. पाणी आता खालून निघतं. पंधरा दिवसांनी फांदीला नखाएवढं पोपटी पान फुटलं, आणि सुनंदानं ते अख्ख्या मजल्याला बोलावून दाखवलं. माझ्याकडं उरलं काय, तर नखांतली काळी आणि ऐकलेले टोमणे.

त्याच आठवड्यात, कुणाला न सांगता, मी चार घमेली मुरूम घेऊन बिडकीनला गेलो. शोभा बाजारात गेली होती. गोठ्यातला खड्डा भरला, पाणी मारलं, पायांनी चोपला. गाईनं एक खूर ठेवून अंदाज घेतला, आणि बसली.