खून झालेल्या माणसाची तपकीर

ती घटना आठवली की आजही माझं नाक हुळहुळतं. नोकरीत मी दरोडे पाहिले, दंगली पाहिल्या, एकदा तर चोरीला गेलेली बैलगाडी बैलांसकट झाडावर सापडलेली पाहिली. पण अकोल्यातल्या एका दुकानात जे पाहिलं, ते पाहून मी टोपी काढून उभा राहिलो. एरवी मी टोपी फक्त वरिष्ठांसमोर आणि न्हाव्यासमोर काढत असे.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं नवं होतं. मी अमरावतीकडे फौजदार होतो. वलगावातल्या एका शेतकऱ्याच्या खुनाची फिर्याद आली. दोन भाऊ, त्यांच्या शेतांमध्ये एक धुरा, म्हणजे बांध. वऱ्हाडात धुऱ्यावरून जितकी डोकी फुटली तितके नारळ कुठल्या देवळात फुटले नसतील. आदल्या संध्याकाळी धाकट्यानं कुऱ्हाड उगारून अख्ख्या गावासमोर म्हटलं होतं, "तुले आडवाच करतो." सकाळी थोरला गायब. विहिरीच्या काठावर त्याच्या वहाणा आणि रक्तानं माखलेली बंडी. पंचनामा केला, विहिरीत गळ टाकले, प्रेत मिळालं नाही. रक्ताचा नमुना तपासणीला धाडला. त्याचं उत्तर सरकारी बैलगाडीनं येत असावं, इतका उशीर होत होता.

धाकटा कोठडीत. कलम तीनशे दोन. त्याची जबानी मी उलटसुलट, उभी-आडवी घेतली.

"मारतो म्हनलो होतो साहेब, थे खरं हाय. पन म्हननं येगळं, मारनं येगळं. तुमी घरवालीले काय काय म्हनत आसान, थे सारं करता काय?"

"माझ्या घरवालीला मधे आणू नकोस."

"नाई आनत. दादा गवसला काय, एवढं सांगा."

रोज सकाळी पहिला प्रश्न हाच. खुनी माणूस जामिनाचं विचारतो, वकिलाचं विचारतो. मेलेल्याचा पत्ता विचारत नाही. मला हे खटकत होतं. पण खटकणं कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. दोषारोपपत्र पाठवा म्हणून वरून तगादा होता आणि गावानं तर त्याला मनातल्या मनात फासावर चढवून उतरवलंही होतं.

अशात आमचे हवालदार टेबलाशी येऊन उभे राहिले. हा माणूस तपकिरीचा इतका शौकीन, की तो शिंकला की ठाण्याच्या भिंतीचा चुना पडे.

"साहेब, बोलू काय? वलगावच्या फाट्यावर चहावाल्याकडे माहा तपकिरीचा डबा येते, अकोल्याहून. रतीब हाय. आज आनाले गेलतो, तं माह्या डब्याच्या बाजूले मयताचा डबा."

"कुठल्या मयताचा?"

"आपल्याच. नाव लिवलं होतं ना वरतं."

मेलेल्याला तपकीर कोण पाठवतं? साध्या वेशात मी अकोला गाठलं.

दुकान एका विधवा बाईचं होतं. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनवर होता. तो गेला, जिन बंद पडला, तेव्हा बाईंनी भंगारातून एक चाक उचललं. दुकानाच्या मागच्या खोलीत ते उभं होतं. माझ्यापेक्षा उंच, आणि मी काही बुटका नव्हे. ठाण्याच्या दारातून मी नेहमी वाकून जाई. चाकाच्या कडेला महिन्याच्या प्रत्येक तारखेची एक खुंटी. प्रत्येक खुंटीवर पत्र्याच्या पट्ट्यांचा झुबका. एका पट्टीवर एका गिऱ्हाइकाचं नाव, गाव, तपकिरीचा प्रकार, वजन. बाजूला वाळूचं पोतं टांगलेलं, आणि त्याला अडवून धरणारं भिंतीवरचं घड्याळ.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आता पाहा."

घड्याळात टोले पडले. अडसर सुटला. पोतं बोटभर खाली आलं, ते अजस्र चाक एक खुंटी पुढं सरकलं, आणि त्या दिवसाच्या पट्ट्या खळखळ करत पन्हाळीतून पलीकडच्या खोलीत जाऊन पडल्या. तिथल्या बाया एकेक पट्टी उचलून त्याबरहुकूम डबे भरू लागल्या. कोणी मागणी केली नव्हती, कोणी हुकूम दिला नव्हता. संध्याकाळी पट्ट्या परत आपापल्या खुंटीवर, म्हणजे पुढल्या महिन्यात पुन्हा तेच. मी काशीची आरती पाहिली आहे, पण असा काटा अंगावर आला नव्हता. वाटलं, सूर्य-चंद्रही असेच कुठल्या तरी बाईनं खुंटीवर अडकवले असावेत.

"हे काहून केलं, बाई?"

"मुनीम ठेवले होते ना बाप्पा. एकाले ताप येते, एक लग्नाले जाते. याले ना ताप, ना लग्न."

मी माझं गिऱ्हाईक सांगितलं. वर्षाचे पैसे आगाऊ भरलेले, दर आठवड्याला डबा, पट्ट्या चार खुंट्यांवर.

"तो माणूस मेलाय, बाई."

"चाकाले काय मालूम कोन मेलं? त्याले एकच मालूम. डबा परत आला, का पट्टी उतरली. याचा एक बी डबा परत नाई आला, साहेब." मग माझ्याकडे बघून त्या हसल्या. "म्हंजे कोनीतरी वढून राह्यलं."

मी परतलो तो थेट कोठडीत. हवालदाराच्या डबीतली चिमूट धाकट्यापुढं धरली. "ओढ."

बिचाऱ्यानं ओढली. त्यानंतर ज्या शिंका सुरू झाल्या, त्यांनी कोठडीचे गज वाजले, ठाणेअंमलदारांची टोपी उडाली आणि बाहेर बांधलेलं कोंडवाड्याचं गाढव दोर तोडून पळालं. ते पुढं परतवाड्यात सापडलं असं म्हणतात. ह्याला तपकिरीची सवय नव्हती, म्हणजे डबे ह्याच्यासाठी येत नव्हते, एवढं नक्की झालं.

पुढच्या डब्याच्या दिवशी मी फाट्यावर चहा पीत बसलो. चहावाल्याला विचारलं, डबा नेतं कोण?

"संत्र्याच्या ट्रकचा डायवर. घरी पोचवतो म्हनते."

"मेलेल्याच्या घरी तपकीर? तुला काही वाटलं नाही?"

"मले वाटलं, निवदाले लागत आसन."

संत्री पोहोचवून रिकामा ट्रक परतला. ड्रायव्हरनं डबा उचलला. मी ओळख देऊन त्याच्या शेजारी चढलो. बगीच्यातल्या एका दाढीवाल्या दिवाणजीला डबा द्यायचा, याहून जास्त त्याला काही ठाऊक नव्हतं. शेंदूरजनाघाटला उतरलो. संत्र्यांच्या राशींमध्ये दिवाणजी बसला होता. डबा दिसताच झाकण उघडून त्यानं अशी चिमूट भरली, की जन्माची तहान भागावी.

"नमस्कार," मी म्हणालो. "तुमच्या खुनाच्या तपासाला आलोय."

चिमूट अर्ध्यावरच राहिली.

धुरा कायमचा आपल्या घरच्यांना मिळावा म्हणून भावाला फासावर चढवायचं, एवढा सोपा बेत. रक्त बकऱ्याचं होतं. तपासणीचं उत्तरही पुढं तेच आलं. दाढी वाढवली, नाव बदललं, गाव बदललं. मी विचारलं, "एवढं सगळं केलंस, मग रतीब का नाही थांबवला?"

"मुनीम आसता तं पह्यले थांबवला आसता," तो म्हणाला. "मुनीम बोलते. लोखंड कोनाले सांगते, साहेब?"

त्याला ठाण्यात आणलं तेव्हा धाकटा गजांशी उभा होता. मला वाटलं, शिव्या देईल. त्यानं भावाला खालून वर नीट पाहिलं. "जिता हाय," एवढंच म्हणाला, आणि मग खाली बसून इतका रडला, की कुलूप उघडून उभ्या असलेल्या हवालदाराला त्याला बाहेर ये म्हणायचंच सुचेना.

लोक मला विचारतात, त्या प्रकरणानं काय शिकवलं. मी आयुष्यभर माणसांना बोलतं केलं: दरडावून, चुचकारून, चहा पाजून. त्या चाकाला कोणाची कणव नव्हती, कोणाशी वैर नव्हतं, कोण मेलं आणि कोण जगलं याची खबरही नव्हती. थोरल्यानं त्याला मुकं समजून त्याच्यावर भरवसा ठेवला. एका निरपराध माणसाची मान त्या मुकेपणानं वाचवली. पण उलटही झालं असतं. आम्ही विचारायला गेलो नसतो, तर तेच चाक तितक्याच इमानानं डबे पाठवत राहिलं असतं आणि इकडे धाकटा फासावर गेला असता.

म्हणून मी त्या चाकाला मानतो. आणि म्हणूनच त्याला थोडा भितोही.