एका मताने हरलेला एल्विन

एल्विन थर्बर जन्मभर सभ्यपणे वागला आणि त्याच सभ्यपणापायी आमच्या गावाची शाळा गेली. मी त्या शाळेत स्वयंपाक करायचे, तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या डोंगरात आमचं गाव. एल्विन गाई पाळायचा. रागावला तरी आधी माफी मागून मग रागवायचा. लहान शाळा बंद करायचा कायदा येतोय म्हटल्यावर आम्हीच त्याला राज्याच्या विधानसभेला उभं केलं. त्याची नात आमच्याच शाळेत दुसरीत होती. समोर कोरा व्हिटकम, शाळा बंदच करा म्हणणारी. एल्विनची बायको लोरेटा दुखरा गुडघा घेऊन त्याच्यासाठी दारोदार हिंडली.

एल्विन एका मताने हरला. फेरमोजणीतही तेच.

त्या शनिवारी चर्चच्या तळघरात कोंबडीचं सारण भरून भाजलेल्या 'चिकन पाय'चं गावजेवण होतं. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय, दगा कुणी दिला?

"कोण तो, समोर तरी येऊ दे," मी वाढता वाढता म्हणाले. "माझ्या हातचं खाऊन दाखव म्हणावं."

एल्विनने काटा खाली ठेवला. "मी कोराला मत दिलं."

मला वाटलं, थट्टा करतोय. पण त्याला थट्टा कधी जमलीच नव्हती.

"स्वतःच स्वतःला कसं मत द्यायचं?" तो म्हणाला. "आमचे वडील उभे राहिले तेव्हा त्यांनीही समोरच्यालाच दिलं होतं."

"ते निवडून आले होते रे," लोरेटा कशीबशी म्हणाली. "आणि मी गुडघा धरून फिरले ते?"

"तू माझ्यासाठी मागितलंस. त्यात काही वावगं नाही."

पलीकडच्या टेबलावरून कोरा उठून आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी माझं मत मलाच दिलं, एल्विन. मला वाटलं, तूही तेच करशील."

"तुझा हक्कच आहे तो," एल्विन म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि त्यानेच माझं डोकं जास्त फिरलं.

पुढच्या वर्षी तो कायदा झाला आणि शाळेला कुलूप लागलं. माझी पातेली गाडीत चढवायला एल्विन आला. त्याचे डोळे सुजलेले होते.

"पुन्हा तीच वेळ आली तर?" मी विचारलं.

त्याने हातातलं पातेलं गाडीत ठेवलं.

"कोरालाच देईन," तो म्हणाला आणि रडायला लागला.