मागच्या चाकातली हवा

यवतमाळ जिल्ह्यात बर्फावरून मोटारसायकल कशी न्यावी, या विषयातील एकमेव पदवीधर तज्ज्ञ मी आहे. (या विषयाला जिल्ह्यात दुसरा उमेदवारच मिळाला नाही, ही गोष्ट वेगळी.)

साठ सालच्या आसपासची हकिकत. नागपूरहून बी.एस्सी. होऊन मी बाभुळगावला परतले होते आणि यवतमाळच्या एका मुलींच्या शाळेने विज्ञानशिक्षिकेच्या पदासाठी मला दुपारी बारा वाजता मुलाखतीस बोलावले होते. हे पद हुकले, तर घरच्यांनी एक स्थळ पाहूनच ठेवले होते. तिथेही मुलाखतच होती. पण ती पोह्यांची, आणि तिच्यात पदार्थविज्ञानाला अजिबात वाव नव्हता!

एस.टी. बारानंतर पोचणार, म्हणून मामांची मोटारसायकल. मामा सैन्यात मोटारसायकलवरून डाक पोचवत, तेही काश्मीरकडे. दर हिवाळ्यात शेकोटीपाशी ते सांगत, "बर्फ असा का, माणूस उभा बुडे! अन् आपली गाडी तिथंच!"

निघण्यापूर्वी मी वजनाचा शास्त्रीय विचार केला. गाडीच्या कातडी पिशवीत हवा भरण्याचा एक अवजड पंप होता. तो मी काढला आणि त्या जागी प्रमाणपत्रे व पदार्थविज्ञानाचा जाडजूड ग्रंथ ठेवला.

"पंप काहून काढला वं?" मामांनी विचारले.

"परवाच तर हवा भरलीत ना, मामा? चाकातली हवा आपोआप कुठे जाणार?"

ती आपोआप गेली नाही, हे मी आजही अभिमानाने सांगू शकते.

यवतमाळ चार मैलांवर राहिले आणि आभाळ काळवंडले. आम्ही रस्त्याकडेच्या एका चहाच्या झोपडीत शिरतो न शिरतो, तोच बोरांएवढ्या गारा कोसळू लागल्या. दहा मिनिटांत रस्ता पांढराशुभ्र! मामांचे डोळे पाणावले.

"डिट्टो काश्मीर!" ते म्हणाले. "चाय पिऊ."

"मामा, सव्वादहा झालेत!"

"बर्फ हाय बाई. चाय पिऊ."

"मामा, माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे आणि तुम्हाला चहा सुचतो?"

झोपडीवाल्याने आधण ठेवलेही होते. मी मात्र रस्ता न्याहाळत होते. माझ्या मते प्रश्न साधा होता. गारांवर चाक घसरणार, कारण घर्षण कमी. चाकातली हवा थोडी सोडली की चाक चपटे होणार, जमिनीला अधिक टेकणार, आणि घर्षण वाढणार. हे सारे मी मामांना क्रमवार समजावले.

"तुले पक्कं माहीत हाय?"

"हे शास्त्र आहे, मामा!"

मामा सैनिक होते. अधिकाराच्या आवाजात सांगितलेली गोष्ट ते लगेच मान्य करत.

मी केसांतला आकडा काढला आणि पुढच्या चाकाची निम्मी हवा अत्यंत काटेकोरपणे सोडली. मग मागचे चाक. तिथे आकडा वाकला, हवेच्या नळीच्या तोंडात अडकला, आणि फुस्स सुरू झाले! मी बोट दाबले. मामांनी अंगठा दाबला. झोपडीवाला गाळणी घेऊन धावत आला. (गाळणी कशासाठी, हे त्यालाही सांगता आले नाही.) अखेरीस आकडा निघाला, पण तोवर थोपवण्यासारखे आत काही उरलेच नव्हते.

आणि नेमके ऊन पडले! बघता बघता गारांचे पाणी झाले, पाण्याची वाफ होऊ लागली. मामा पुढच्या वळणापर्यंत पाहणी करून परतले.

"फर्लांगभरच व्हता बर्फ," त्यांनी अहवाल दिला. "पुढं तं धूळ उडून राह्यली."

"पंप..." मी म्हणाले.

"घरी हाय. वजन व्हत होतं ना त्याचं!"

इतक्यात ताडपत्री घातलेली कापसाची बैलगाडी आली. जवळच्या तांड्यावरचे नाईक ती हाकत होते. त्यांनी आमच्या चाकाकडे पाहिले.

"याडी! (म्हणजे आई गं!) पंचर झाली का जी?"

"नाही. हवा सोडली," मामा म्हणाले.

"कोनं?"

"भाचीनं."

"काहून?"

"बी.एस्सी. शिकेल हाय."

नाईकांनी सहानुभूतीने मान हलवली आणि दोर काढला. मोटारसायकल गाडीमागे बांधली गेली. मला कापसावर चढवण्यात आले. मामा डोळ्यांवर चष्मा चढवून, हँडल धरून, थेट काश्मीरच्या ऐटीत मागे बसले. बैलांचा वेग ताशी जेमतेम अडीच मैल, अंतर चार मैल, घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटे. मला गणित चांगले येत होते, हे त्या क्षणी माझे मोठेच दुर्दैव होते!

"नाईक, बैल जरा पळवता का?" मी वरून विनवले.

"पळवतो ना बाई. बैलायची हवा तं तुमी सोडली नाही ना?"

बैल धावले! मामा मागे उसळू लागले, आणि प्रत्येक खड्ड्यागणिक भोंगा वाजवू लागले. ताडपत्रीच्या फटींतून उडालेला कापूस चाकाशी गारांत बसून ओल्या झालेल्या माझ्या साडीवर आणि आकड्याविना सुटलेल्या केसांवर येऊन बसला.

"कोनाची वरात हाय जी?" शेतातल्या बायांनी ओरडून विचारले.

"मास्तरीनबाईची!" नाईकांनी परस्पर माझी नेमणूक करून टाकली.

बरोबर बारा वाजता आम्ही शाळेच्या फाटकात शिरलो. मुख्याध्यापिकाबाईंनी मला नखशिखान्त न्याहाळले.

"तुमच्या अंगावर हे पांढरे काय आहे?"

"कापूस आहे, बाई."

"बसा. आता सांगा, घर्षण हे टेकलेल्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते काय?"

हे उत्तर मला पाठ होते. पान क्रमांकासह पाठ होते! "नाही," मी ताडकन म्हणाले. "क्षेत्रफळ वाढल्याने घर्षण वाढत नाही."

आणि शब्द तोंडातून बाहेर पडताच मी थिजले. खिडकीबाहेर मामा त्या चपट्या चाकाशेजारी उकिडवे बसले होते. ज्या ग्रंथासाठी मी पंप घरी ठेवला, त्याच ग्रंथात लिहिले होते की हवा सोडून काही उपयोग नाही!

बाईंनी माझ्या नजरेचा माग घेतला. "ते गृहस्थ कोण? आणि त्या चाकात हवा का नाही?"

थाप मारता आली असती. पण पोह्यांचे ताट डोळ्यांपुढे असतानाही मला ती सुचली नाही. मी सगळे सांगितले. बाई आधी पदर तोंडाला लावून हसल्या, मग पदर सोडून हसल्या.

"नेमणूक करते," त्या म्हणाल्या. "मात्र प्रयोगशाळेतल्या कशातलीही हवा मला विचारल्याशिवाय सोडायची नाही."

शाळेच्या शिपायाने आणलेल्या पंपाने हवा भरता भरता मी मामांना विचारले, "काश्मीरात बर्फावर तुम्ही गाडी कशी चालवत होतात हो?"

"चालवतो कायले? बर्फ पडला का साहेब म्हणे, गाडी झाका अन् चाय मांडा."

"मग मला सांगितलं का नाही?"

"दोनदा सांगतलं ना वं!"

घर्षणाचा धडा मी दरवर्षी शिकवते. वर्गातली एखादी चुणचुणीत मुलगी हमखास विचारते, "बाई, क्षेत्रफळ वाढवून उपयोग नाही, तर मग बर्फावरून गाडी न्यायची कशी?" मी खडू खाली ठेवते, चेहरा गंभीर करते आणि स्वतः प्रयोग करून पडताळलेले एकमेव शास्त्रशुद्ध उत्तर देते:

"चहा प्यावा."