प्रेसवाल्याची सवय

माझा मुलगा धम्मरत्न निघोज्याकडच्या एका कंपनीत पॉवर प्रेसवर आहे. पत्रा आत सरकवायचा, दोन्ही हातांनी बटणं दाबायची, वरून प्रेस येतो आणि गाडीच्या दाराचा एक तुकडा तयार होतो. रस्त्यावर तशी गाडी दिसली की म्हणतो, "आई, हिच्या दारात मी हाय." मी म्हणते, "मग आतल्या माणसाला सांग, आम्हाला आकुर्डीपर्यंत सोड म्हणावं."

प्रेसवाल्याच्या घरात राहायची रीत वेगळी. कंपनीत प्रेसच्या आवाजात कानाला लागून बोललं तरी कळत नाही, म्हणून ती माणसं हातांनी बोलतात. साहेब आला की कॉलर धरायची, चहा आला की अंगठा ओठाला लावायचा. घरी येताना ती भाषाही डब्यासारखी बरोबर येते. धम्मा भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा बोटांनीच सांगतो. टीव्ही मोठा लावतो आणि कुणी बोलायला लागलं की त्याच्या तोंडाकडे टक लावून बघतो. त्याचा दोस्त भीमराज आला की दोघं समोरासमोर बसून असे ओरडतात की चाळीला वाटतं, वाटण्या चालल्यात. माझी सून विजयश्री म्हणते, "आत्या, माझं लग्न माणसाशी न्हाई, लाउडस्पीकरशी लागलंय." सगळ्या प्रेसवाल्यांची हीच सवय, म्हणून आम्ही हसून सोडून देत होतो.

यंदा गाड्यांना मागणी नाही म्हणून कंपनीने काही दिवस काम बंद ठेवलं. ब्लॉक क्लोजर म्हणतात त्याला. भीमराजने त्याची जुनी व्हॅन वापरायला दिली. नात अंजली कॉलेजच्या क्रिकेट टीममध्ये बोलिंग करते. ती बापाच्या मागे लागली, "पप्पा, एकदा खरी स्टेडियमं दाखवा." धम्मा स्वतः टेनिस बॉलच्या मॅचमध्ये नाव काढलेला. लगेच तयार झाला. पोरीने स्टेडियमं सांगितली, सुनेने राणीची बाग सांगितली, मी म्हटलं आधी चैत्यभूमी. मुक्काम विजयश्रीच्या बहिणीकडे, चेंबूरला.

पहिलं स्टेडियम गहुंज्याचं. येता-जाता रस्त्यावरून बघितलेलं, आत कधी पाय ठेवला नव्हता. फाटक बंद. वॉचमन म्हणाला, "आज मॅच न्हाई, आजी."

"म्हणूनच आलोय बाबा. गर्दी न्हाई."

तो हसला, पण फाटक काही उघडलं नाही. गजांतून जेवढं दिसलं तेवढं बघितलं.

नेरूळला मात्र बायकांची मॅच होती, दुपारची. आत गेलो आणि एवढं हिरवं गवत बघून मला शेळ्या आठवल्या. मी धम्माच्या मागच्या रांगेत बसले होते. तो खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. तेवढ्यात विकेट पडली. हजारो माणसं एकदम ओरडली, शेजारच्या पोराने भोंगा वाजवला, मी दचकून छातीला हात लावला. धम्मा नाडी बांधत राहिला. एक बांधली, मग दुसरी सोडून परत आवळली. अंजलीने नाचताना त्याच्या हातावर पाय दिला तेव्हा त्याने मान वर केली. सगळे उभे बघितले आणि झटकन टाळ्या वाजवायला लागला, सगळ्यांपेक्षा जोरात.

मी पुढे वाकले. विजयश्री पाणी आणायला गेली होती. मी मागून हळूच म्हटलं, "धम्मा, विजू पळून गेली रे."

तो मैदानाकडे बघत होता. मी आवाज चढवला, "धम्मा, तुझी बायको पळून गेली!" बाजूचा एक गृहस्थ वळून माझ्याकडे बघायला लागला. माझा लेक वळला नाही.

पुढे मॅच कोण जिंकलं, मला विचारू नका.

दुसऱ्या दिवशी चैत्यभूमीला वंदन केलं आणि बाहेर समुद्राकडे आलो. विजयश्री आणि अंजली फोटो काढायला पुढे गेल्या. मी धम्माची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं, लहानपणी शेंबूड पुसताना धरायची तसं.

"कवापासनं ऐकू येत न्हाई?"

त्याने माझ्या ओठांकडे बघितलं, मग समुद्राकडे. "येतं की थोडं."

"समुद्र ऐकू येतो?"

"कानात सारखा भुंगा हाय, आई. समुद्र त्यातच मिसळतो. गर्दी पण."

"आणि कंपनीत तपासत न्हाईत?"

"तपासतात. कानाला मशीन लावतात, बारीक आवाज आला की बटण दाबायचं. मला नर्सचं बोट दिसायचं काचेतून. तिने दाबलं की मी दाबायचो." एवढं सांगून तो चोरीचा आंबा खाल्ल्यासारखा हसला. मग हसू गेलं. "आता काचेला पडदा लावलाय. क्लोजर संपला की तपासणी. मी कंत्राटावर, आई. कान गेलेला माणूस प्रेसवर ठेवत न्हाईत. दुसरं काम देतील, न्हाईतर गेट दाखवतील. विजूला सांगू नको. अंजलीचं शेवटचं वर्ष हाय."

तिकडून अंजलीने हाका मारल्या. मी मान वळवली म्हणून तो वळला.

राणीच्या बागेत पेंग्विन बघितले. काचेमागे गारठ्यात ओळीने उभे, सेकंड शिफ्टची बस चुकल्यासारखे. विजयश्री इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. धम्माही हसला, पण तिच्या तोंडाकडे बघून. मला काही गोड लागेना. वानखेडेला बाहेरूनच चक्कर मारली तेव्हा अंजली म्हणाली, "आज्जी, तुला बोअर झालं ना?" मी म्हटलं, "पाय दुखतात."

परतीच्या वाटेवर ते घडलं. व्हॅनच्या मागच्या काचेपर्यंत पिशव्या रचलेल्या, मागचं काही दिसत नव्हतं. धम्मा एका टँकरला मागे टाकत होता. पाठीमागे अँब्युलन्स आली. तो आवाज आमच्या हाडांत घुसला. धम्मा समोर बघत निवांत चालवत होता.

"पप्पा, साइड द्या!" अंजली ओरडली.

"अहो, अँब्युलन्स!" विजयश्री त्याच्या शेजारीच बसलेली. "अहो, ऐकताय का? आत कुणाचा तरी जीव चाललाय!"

तिने त्याचा दंड गदागदा हलवला तेव्हा त्याने तिच्या ओठांकडे बघितलं आणि घाईने गाडी डावीकडे घेतली. टँकरचं धूड काचेला घासतंय असं वाटलं. अँब्युलन्स निघून गेली. आतला एक माणूस खिडकीतून हात जोडत होता. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

पुढे एका हॉटेलापाशी धम्माने गाडी थांबवली आणि स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. विजयश्री म्हणाली, "तुमचं लक्ष कुठं होतं?" तो खाली बघत होता, त्याला कळलं नाही. तिने परत विचारलं. परत नाही. मग ती माझ्याकडे वळली आणि माझं तोंड बघून तिला समजलं.

"आत्या?"

"त्यालाच विचार," मी म्हटलं. "पण समोर जाऊन विचार."

ती खाली उतरली, फिरून त्याच्या दाराशी गेली, दार उघडलं. काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "मला ऐकू येत न्हाई, विजू. लई दिवस झाले."

ती रडेल असं मला वाटलं. तिने आधी त्याच्या खांद्यावर फटका मारला. "मी भांडले की गप्प राहायचात. मला वाटायचं, नवरा समजूतदार हाय!" मग रडली. अंजली बापाचा हात धरून उभी होती.

चहा झाल्यावर धम्माने किल्ली अंजलीच्या हातात दिली. तिला लायसन मिळालंय, पण गाडी कधी घाटात चढवली नव्हती. तो मागे माझ्याजवळ येऊन बसला. विजयश्री पुढच्या सीटवर उलटी वळून गुडघ्यांवर बसली, त्याला तिचं तोंड दिसावं म्हणून.

"पॅकिंगला ठेवतील का?" तिने विचारलं.

"काय माहीत."

"तपासणीच्या आधीच साहेबाला सांगायचं. मी येते."

"आणि काढलं तर?"

तो तिच्या मिटलेल्या ओठांकडे बघत राहिला. बोगद्यात गाडी शिरली, अंधार झाला आणि तिचा चेहरा दिसेनासा झाला. धम्माने माझा हात घट्ट धरला. मी डोक्यावरचा दिवा चाचपडून लावला.

"आता बोल," मी विजयश्रीला म्हटलं.