मनीप्लांटची उतरण

लग्न होऊन पाटबंधारे खात्याच्या क्वार्टरमध्ये राहायला आले तेव्हा माझ्या सामानात औषधाची एक जुनी बाटली होती आणि तिच्यात मनीप्लांटची वीतभर कांडी. नगरला मी ज्या शाळेत शिकवायचे, तिथल्या मोठ्या बाईंच्या खिडकीतून ती न विचारता तोडून आणली होती. मनीप्लांट मागून आणला तर लागत नाही, चोरावाच लागतो, असं तेव्हा सगळ्या बायका सांगायच्या, आणि असले सल्ले मी फार मनापासून ऐकते. कांडीला मुळ्या फुटल्या. मग वनस्पती तुपाच्या एका मोठ्या डब्याला खालून भोकं पाडून मी ती त्यात लावली आणि डबा पुढच्या जाळीच्या पडवीत ठेवला.

क्वार्टर घोडेगावपासून जवळच, माळावर. दोन खोल्या, पडवी, आणि चहूकडे पिवळं गवत. घरात हिरवं म्हणावं असं तेवढंच. हे कालव्याच्या कामावर सकाळीच जायचे, मी गावातल्या शाळेत. परत आले की आधी वेलाकडे बघायचं आणि मग चहा टाकायचा, असा माझा नेम होता.

वेल वाढला आणि फरशीवर लोळायला लागला. त्याला आधार द्यायचा तर कशाचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आधी बाजारातून बांबूची काठी आणली. ती इतकी गुळगुळीत की वेल आठ दिवसांत घसरून खाली. मग उसाचं कांडकं लावलं. म्हटलं, पेरं आहेत, वेल पेराला धरेल. वेलाच्या आधी मुंग्यांनी धरलं, आणि त्यांची रांग थेट साखरेच्या डब्यापर्यंत पोचली. तिसऱ्यांदा आढ्याच्या खिळ्याला सुतळी बांधून वेल तिच्यावर चढवला. दिसायला झकास, पण वारा आला की सगळा वेल वाळत घातलेल्या धोतरासारखा हेलकावे खायचा. हे हसायचे. मी रागवायचे, आणि सुतळीला आणखी एक गाठ मारायचे.

त्याच उन्हाळ्यात माझे सासरे आमच्याकडे राहायला आले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. सोनईच्या पलीकडे एका खेड्यात मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, पानमळा होता. विड्याच्या पानांचा, वीस गुंठ्यांचा. त्या वर्षी विहीर कोरडी पडली आणि मळा उभ्या उभ्या वाळला. मामा एक पिशवी घेऊन आले आणि पडवीतल्या बाजेवर बसले. जेवायला बोलावलं की यायचे, अर्धी भाकरी खायचे, पुन्हा बाजेवर. जन्मभर ज्यांचे हात वेल बांधत होते, ते हात मांडीवर नुसते पडलेले असायचे. ह्यांनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, “त्यांना इथं करमलं पाहिजे. नाहीतर गावी जातील आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला बसतील. ह्या वयात ते झेपायचं नाही.” मी मान डोलावली, पण करमायचं कसं, ते मलाही ठाऊक नव्हतं.

ते काम वेलानंच केलं. एका सकाळी मी पोळ्या लाटत होते, तर पडवीतून थू थू असा आवाज. धावत जाऊन बघते तर मामांनी मनीप्लांटचं एक पान खुडून, देठ काढून, चांगलं दाढेखाली धरलं होतं. जीभ भाजल्यासारखी झाली होती. मी त्यांना गूळ दिला, ताक दिलं.

“दिसाया नागवेल आन चवीला आग! कसलं पान म्हनायचं ह्ये?”

“मामा, हे खायचं नसतं. शोभेचं आहे.”

“शोभंचं?” त्यांनी पानाकडे असं पाहिलं की जणू चांगल्या घरचा मुलगा जुगाराला लागलाय. मग सुतळी बोटांनी चाचपली. “ह्येनं चढतंय व्हय? फाशी दिल्यागत टांगलंय बिचाऱ्याला.”

दुसऱ्या दिवशी ते गावातल्या कुणाच्या तरी परसातून शेवग्याची मनगटाएवढी ओली फांदी घेऊन आले. खालचं टोक तिरकं छाटलं, डब्यात वेलाच्या मुळांना धक्का न लावता रोवली, आणि चिंधीच्या बारीक पट्ट्यांनी वेल पेरापेराशी बांधला. गाठ अशी सैल की आत करंगळी जाईल. मी विचारलं, वाळकी काठी का नको? ते म्हणाले, “वेलाला जिता आधार लागतो, पोरी. सालीत वल असती, तिथं त्यो पाय रोवतो. वाळक्यावर नुसता बसतो, धरत न्हाई.” पानमळ्यात वेल अशाच जिवंत झाडांवर चढवतात, हे मला तेव्हा कळलं.

महिनाभरात शेवग्याला पालवी फुटली. पडवीत तुपाच्या डब्यात शेवगा, आणि त्याच्या अंगावर मनीप्लांट! बघायला शेजारणी यायच्या. मामा शेवग्याचे वरचे फुटवे खुडून मला द्यायचे, मी त्याची भाजी करायची. ते आता दोन भाकरी खात होते. आणखी एक गोष्ट सुरू झाली. पानमळ्यात कुणी चपला घालून जात नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यामुळे आमच्या पडवीची पायरी चढणाऱ्या प्रत्येकाला ते आधी पायताण काढायला लावत. दूधवाल्यानं काढलं. पोस्टमन कुरकुरला, पण त्यानंही काढलं. ह्यांचे साहेब एकदा कागद घेऊन आले, तर त्यांच्या बुटाच्या नाड्या सुटेपर्यंत मामा शांतपणे उभे राहिले. मी आत पदर तोंडात कोंबून हसत होते. सुखाचे दिवस होते ते, बाहेर दुष्काळ असूनही.

थंडी सरता सरता वेल छताला टेकला. तळहाताएवढी पानं, पिवळ्या रेघांची. शाळेत मी त्याच्याबद्दल इतकं बोलायचे की बाकीच्या शिक्षिकांनी एका रविवारी तो बघायला यायचं ठरवलं.

त्या शनिवारी मी शाळेतून आले आणि पडवीच्या दारात थिजले. शेवग्याचा खांब उघडा होता. वेल नव्हता. पानं देठासकट खुडून, एकावर एक रचून, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली. डब्यातल्या मातीत वेलाचं वेटोळं पुरलेलं, आणि मातीबाहेर फक्त शेंड्याची तीन पानं. मामा हात धूत होते. चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचं समाधान.

“उतरन केली, पोरी. शेंडा लई वर गेल्ता.”

माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. दोन वर्षं मी जपलेला वेल! मी ओरडले. पोस्टमनच्या चपलांपासून सगळं काढलं. आणि शेवटी म्हणाले, “हा काही तुमचा पानमळा नाही. हे माझं घर आहे.”

मामांनी ओले हात धोतराला पुसले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते पिशवी घेऊन गावी गेले, शिक्षिका यायच्या आधी. ह्यांनी खूप विनवलं, पण ते “मळ्याकडं जाऊन येतो” एवढंच म्हणत राहिले. ह्यांनी मला एक शब्द सुनावला नाही. सुनावला असता तर बरं झालं असतं. आठ दिवसांनी गावाकडून निरोप आला, मामा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जातात.

मला लाज वाटत होती, आणि लाज वाटते तेव्हा मी आणखी हट्टी होते. डब्याला पाणी घालायचे, पण मनातल्या मनात भांडत. शेवग्याचे फुटवे खुडायला मन धजेना. शिमगा झाला. आणि पाडव्याच्या सुमारास मातीतून एक पोपटी टोक वर आलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. पंधरवड्यात अकरा कोंब झाले, प्रत्येक आधीच्या वेलापेक्षा जाड. शाळेच्या शिपायाला विचारलं, त्याचे सोयरे पानमळेवाले. तो म्हणाला, “बाई, दरसाल उतरन करत्यात. वेल म्हातारा व्हतो, खाली घेऊन पुरला की पुन्यांदा तरना व्हतो.” मामांनी माझ्या वेलाचं वाटोळं केलं नव्हतं. आपल्या मळ्यात जे केलं असतं, तेच त्यांनी माझ्या शोभेच्या झाडासाठी केलं होतं.

त्या रविवारी मी एकटीच एसटीत बसले. गावाबाहेर रस्त्याच्या कडेनं माणसं उन्हात ओळीनं बसलेली. मामा डोक्याला ओलं फडकं बांधून हातोडा चालवत होते. अंगठ्याला चिंधी बांधली होती. मला बघून त्यांनी आधी आपल्याच चपला बाजूला सरकवल्या आणि मला बसायला जागा केली.

“वेल फुटलाय, मामा. अकरा कोंब.”

हातोडा थांबला. “मातीतनं, का शेंड्याला?”

“मातीतून.”

“मग चार ठेव, बाकी खुड. एका शेवग्याला अकरा न्हाई पेलायचे. गाठ सैल बांध.” आणि त्यांनी पुढचा दगड घेतला.

म्हणजे सगळं सांगून झालं होतं. त्यांना न घेताच परत जायची वाट त्यांनीच मला काढून दिली होती. मी म्हणाले, “मला नाही जमत. आणि जमलं असतं तरी मी आले असते. चुकलं माझं. तुम्ही नाही तर पडवी खायला उठते.”

त्यांनी तो दगड फोडला, त्याचे तुकडे नीट ढिगावर टाकले. मग गुडघ्यावर हात देऊन उठले आणि मुकादमाकडे गेले. मी मागे मागे.

“उद्यापासनं माजं नाव नगं धरू. वेल बांधायचाय.”

मुकादम हसला. “आन्ना, साऱ्या तालुक्यात पानी न्हाई. तुमचा मळा कुठं हिरवा राह्यला?”

मामांनी डोक्याचं फडकं सोडलं, तोंड पुसलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “आमच्या घरात हाय.”

मी तिथंच, रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत रडले.