बगळ्याच्या बँडमधले दोन गिटारवाले

इंग्लंडमधल्या केटरिंगच्या लायोनेल बॅगशॉने जन्मात कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हटलं नव्हतं, आणि याचा त्याला अभिमान होता. आमच्या गावात याला सभ्यपणा म्हणतात. बूट शिवणाऱ्यांचं हे गाव, पण पायाला चावणारा बूटसुद्धा इथली माणसं ‘अजून नवा आहे’ म्हणत वर्षभर घालतात आणि दुकानदाराला अवाक्षर सांगत नाहीत.

लायोनेल ऑर्गन वाजवायचा. १९७३ सालची गोष्ट. त्या काळी भारदस्त रॉक बँडला साधं गाणं म्हणणं म्हणजे अब्रूनुकसानी वाटायची. एका गाण्यात चार ताल हवेत, मध्येच बासरी हवी, आणि अर्थ विचारणाऱ्याकडे कीव केल्यासारखं बघता आलं पाहिजे. लायोनेलच्या बँडचं नाव ‘द पेन्सिव्ह हेरन’, म्हणजे चिंतनात बुडालेला बगळा. बगळा डोळे मिटून कशाचं चिंतन करतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लायोनेलला मात्र हे नाव फार खोल वाटायचं.

या बगळ्याचा पहिला अल्बम दोन वर्षं रखडला होता, कारण माणसं टिकत नव्हती. बासरीवाला मठात गेला. गाणारा लग्न करून सासऱ्याच्या गॅरेजात बसला. बेस वाजवणारे तर किती आले नि किती गेले. कुणी गेला की लायोनेल म्हणायचा, “आवाज आता आणखी शुद्ध झाला.” असाच शुद्ध होत होत बँड नाहीसा होईल, ही भीती फक्त ड्रमवाल्या बॅरीला होती, आणि बॅरी बोलत नसे.

लायोनेलचे वडील होरेस यांचं डुकराच्या मांसाचं दुकान होतं. त्यांनी पोराला बजावलं होतं, “शरद ऋतूपर्यंत तुझी रेकॉर्ड दुकानात दिसली तर ठीक. नाहीतर तू माझ्या दुकानात दिसशील.” काउंटरवरचं डुकराचं मुंडकं पाहूनच लायोनेलला दरदरून घाम फुटायचा. त्यामुळे अल्बम पुरा होणं हा त्याच्यासाठी कलेचा कमी आणि जिवाचा प्रश्न जास्त होता.

अल्बमची एक अख्खी बाजू लायोनेलच्या एकाच रचनेने व्यापली होती. तिचं नाव ‘एका दगडाचं आत्मचरित्र’. बंद पडलेल्या डेअरीत त्यांनी स्टुडिओ मांडला होता. तिथे ती वाजवता वाजवता गिटारवाला ट्रेव्हर मडफोर्ड एकदा थांबला.

“लायोनेल, हा दगड नदीत पडतो कधी रे?”

“तो पडत नाही. तो पडण्याचा विचार करतो.”

“मग विचार करू दे त्याला. मी तेवढ्यात जाऊन येतो. मघापासून दाबून धरलीय.”

बॅरीला हसू आवरेना, आणि तिथेच ट्रेव्हरचं बँडमधलं पान फाटलं. पण ट्रेव्हरला तसं सांगणार कसं? लायोनेलने त्याला कॅफेत नेलं, बेकन सँडविच खाऊ घातलं आणि अतिशय मायेने म्हणाला, “दमलेला दिसतोस रे. खूप ओझं टाकलंय आम्ही तुझ्यावर. थोडी विश्रांती घे. हवी तेवढी घे.”

“खरंच दमलोय,” ट्रेव्हर म्हणाला. “बरं झालं तू बोललास.”

सुंठीवाचून खोकला गेला, म्हणून लायोनेल शीळ घालत घरी आला. लगेच त्याने लंडनहून क्वेंटिन नावाचा संगीत महाविद्यालयात शिकलेला, केस राखलेला गिटारवाला बोलावून घेतला.

सोमवारी क्वेंटिन डेअरीत गिटार जुळवत बसला होता, तोच दार ढकलून ट्रेव्हर आत आला. ताजातवाना, दाढी केलेला.

“काय झोपलो रे रविवारी!” म्हणत त्याने क्वेंटिनशेजारची खुर्ची ओढली आणि त्याला विचारलं, “तू लायोनेलचा मावसभाऊ का?”

“नाही. मी गिटार वाजवतो.”

“अरे वा, मी पण.”

बॅरी छताकडे पाहू लागला. आता एक वाक्य पुरेसं होतं. ते लायोनेलच्या घशापर्यंत आलंही, पण तो म्हणाला, “चहा टाकतो. दूध कुणाकुणाला?”

आमच्याकडे अवघड जागी दुखणं झालं की किटली चढते. त्या दिवशी चढली ती महिनाभर उतरली नाही. रोज दोघेही यायचे, दोघेही वाजवायचे. मी कोण आणि हा कोण, असं कुणी विचारलं नाही. विचारणं बरं दिसलं नसतं. लायोनेल मनाशी म्हणायचा, शेवटी ट्रेव्हरच्या गिटारीचा आवाज टेपवरून पुसून टाकू, त्याला कळणारही नाही. माणसाला ‘जा’ म्हणण्यापेक्षा त्याची महिनाभराची मेहनत चोरून पुसणं त्याला जास्त सभ्य वाटत होतं.

पण झालं भलतंच. लायोनेल चहा करायला आत गेला, की हे दोघे दगड बाजूला ठेवून आपल्या आनंदासाठी वाजवायचे. बॅरीही काठ्या उचलायचा. त्यातून एक चाल जमली, छोटी, नाचरी, ऐकली की पाय हलावेत अशी. लायोनेलला ती आतून ऐकू यायची आणि तो नाक मुरडत साखर ढवळायचा.

रेकॉर्ड कंपनीचे पिमसाहेब लंडनहून आले. त्यांनी दगडाचं आत्मचरित्र हाताची घडी घालून पूर्ण ऐकलं. मग लायोनेल चहा आणायला गेला, आणि परतला तेव्हा ती नाचरी चाल चालू होती नि साहेबांचा बूट जमिनीवर ठेका धरत होता. जाताना त्यांनी लायोनेलच्या खांद्यावर हात ठेवला.

“लायोनेल, दमलेले दिसता. सगळा भार तुम्ही एकट्याने वाहिलात. थोडी विश्रांती घ्या.”

लायोनेलच्या पायाखालची जमीन सरकली. ही भाषा त्याच्याइतकी कुणाला कळणार? रात्रभर तो कूस बदलत राहिला. पहाटे त्याला ट्रेव्हर आठवला. त्या मठ्ठाला कळलं नाही, म्हणून तो टिकला. आपणही न कळल्यासारखं करायचं. हाकलायला तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडणारा माणूस केटरिंगमध्ये अजून जन्मायचा होता.

सोमवारी तो दाढी करून डेअरीत गेला. ऑर्गनवर एक मुलगी बसली होती. तिने नजर खाली घातली. क्वेंटिन तारा पुसू लागला, बॅरीने छताकडे नजर लावली. लायोनेल हसत म्हणाला, “काय झोपलो रे रविवारी!”

ट्रेव्हर उठला आणि त्याला हाताला धरून बाहेर अंगणात घेऊन गेला.

“लायोनेल, तुला बँडमधून काढलंय. दगडही काढलाय. साहेबांनी आम्हाला सांगितलं, तुला सांगायची त्यांची हिंमत झाली नाही. म्हणून मी सांगतोय.”

इतकं उघडं वाक्य लायोनेलने आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्याला मुस्काटात बसल्यासारखं झालं.

“तुला नाही कळायचं हे,” तो कसाबसा म्हणाला. “तुला तर काढलेलंसुद्धा कळलं नव्हतं.”

“कळलं होतं. सँडविच संपायच्या आत कळलं होतं,” ट्रेव्हर म्हणाला. “सोमवारी आलो तो बघायला, की इतकी वर्षं बरोबर काढल्यावर तू मला तोंडाने सांगतोस का. तू रोज मला चहा दिलास.”

आतून ती नाचरी चाल सुरू झाली. ऑर्गन तिच्यात छान मिसळला होता. लायोनेलने ते ऐकलं, आणि सभ्यपणाचं सगळं अवसान त्याच्या अंगातून गळून गेलं.

“मला राहायचंय रे, ट्रेव्हर.”

“माहीत आहे. मलाही राहायचं होतं.”

आमच्या गावात माणसं दिव्याच्या खांबाला धक्का लागला तरी ‘सॉरी’ म्हणतात. लायोनेलही म्हणायचा, दिवसातून शंभरदा. त्या अंगणात ट्रेव्हर बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत उभा राहिला, आणि तो शब्द काही लायोनेलच्या तोंडून निघाला नाही.