मागची चूक पुढे आणणारे

चूक लपवणं ज्यांच्या शरीरालाच मानवत नाही, अशा जगातल्या सगळ्या माणसांचे पुढारी आमच्या सांगलीच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसत. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मेढ्याकडचा, घरातला पहिला पदवीधर. कॉम्प्युटरचं जे काही येतं, ते वाईकडच्या या सीनियरांनी शिकवलं. एस.टी.त चढण्याआधी ते गाडीमागे जाऊन येत आणि "मागचा दिवा गेलाय बघा" असं कंडक्टरला सांगून मगच तिकीट काढत. एका लग्नात शिरा खाली लागल्याची बातमी त्यांनी थेट वधूपित्याच्या कानात घातली.

प्रोग्रामचंही तेच. आमच्या कॉम्प्युटरातला इंटरप्रिटर प्रोग्रामची लिहिलेली ओळ वाचून लगेच चालवी. बटण दाबल्यावर चूक झाली तर ती दाबणाऱ्याला दिसे. पण पाठीमागे आपोआप चालणाऱ्या कामात झाली तर सांगायची कुणाला? काम लावून देणारा केव्हाच पुढे गेलेला. बाकीचे अशा चुका गुपचूप गिळून टाकत. सीनियर म्हणत, "गड्या, कुणी इचारलं न्हाई म्हणून सांगायचंच न्हाई व्हय?" त्यांच्या प्रोग्रामात मागे काही बिघडलं की पडद्याच्या मधोमध तांबडी चौकट उघडे आणि इंग्रजी अक्षरांत त्यांची गावाकडची मराठी बोलू लागे.

हळदीच्या एका अडत दुकानात त्यांचा प्रोग्राम काट्यावरचं वजन पाठीमागे सतत वाचत असे. शेठना ती चौकट खुपे. "शेतकऱ्यांपुढं शोभा होते. बंद करा, नाहीतर दुसरा माणूस बघतो." हे काम गेलं तर नोकरीही गेली, असं आमच्या मालकांनी सीनियरांना बजावलेलं. त्यांनी बराच विचार केला, मला घेऊन दुकानात गेले आणि चौकट हिरवी केली.

"आता डोळ्याला तरास न्हाई, शेठ."

तेवढ्यात ती उघडलीच. लष्करातून निवृत्त झालेल्या एका शेतकऱ्याने मोठ्याने वाचलं, "काट्याची तार निसटली. दिसतंय ते वजन मगाचं हाय." मग तो ओरडला, "आवं शेठ, माझ्या पोत्याला दुसऱ्याचं वजन लावताय व्हय!"

"घाला रं परत काट्यावर," शेठ हमालांना म्हणाले, आणि सीनियरांकडे वळले. "तुम्ही उद्यापासून येऊ नका."

सीनियरांनी तार घट्ट बसवली, मगच चपला घातल्या.

दुकानात लवकरच दुसऱ्याचा प्रोग्राम आला. तो कधी काही बोलत नसे. शेठ त्याचं फार कौतुक करत.

महिनाअखेर सीनियर गावी निघाले. स्टँडवर मी भीतभीत विचारलं, "सर, वाईट वाटतंय का?"

"लय वाटतंय, गड्या," ते म्हणाले, आणि पिशवी खांद्याला लावून गाडीत चढले. इतकं सरळ उत्तर मला पुढे कुणी दिलं नाही.